'आहे' आणि 'असावे' : मिसिसिपीच्या एका जुन्या फाट्याची कहाणी



मागच्या खेपेला आपण ह्यूमचा एक प्रश्न घेतला होता. 'अमुक असे आहे' या विधानावरून 'अमुक असे असावे' हे विधान कसे काय निघते, हा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी दाराशी गाठून सांगितलं, "सर, मुद्दा कळला, पण उदाहरणं फार पुस्तकी होती." तक्रार रास्त आहे. वर्गात वर्षानुवर्षे हा प्रश्न शिकवताना आम्हीही तीच ती उदाहरणे देत आलो. म्हणून आज उलट करू. एकच उदाहरण घेऊ, तेही एका नदीचे, आणि ते शेवटपर्यंत नेऊ. ह्यूम मध्येच कुठेतरी आपोआप भेटेल.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला पाण्याचा एक छोटा फाटा आहे. लांबी दहा-अकरा किलोमीटर. नाव 'ओल्ड रिव्हर', म्हणजे जुनी नदी. नकाशात तो शोधायला भिंग लागेल. पण खाली वसलेली बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स ही शहरे, त्यांच्यामधले तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने, समुद्रातून आत येणारी मोठी जहाजे, लाखो लोकांचे पिण्याचे पाणी, हे सगळे या फाट्यापाशी काय घडते त्यावर अवलंबून आहे. हा फाटा आज जसा आहे तसा तो निसर्गाने केला म्हणावे, तर ते खरे नाही. माणसाने केला म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. दोघांनी मिळून केला, आणि त्याला सुमारे दोनशे वर्षे लागली.

आम्ही अभियंते नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण या गोष्टीतला मुख्य पेच अभियांत्रिकीचा नाही, असे आमचे मत आहे. ते पटते का, हे शेवटी आपण ठरवा.

नदी घर का बदलते

ज्याने शेतात दारे धरली आहेत, त्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. पाटाला पाणी सोडले की पाणी गाळ आणते, गाळ पाटाच्या तळाशी बसतो, पाट हळूहळू वर उचलला जातो. मग एखाद्या कच्च्या जागी वरंबा फुटतो आणि पाणी शेजारच्या सखल वाफ्यात शिरते. पाण्याला तुमचा वाफा आणि शेजाऱ्याचा वाफा हा भेद नसतो. ते उतार बघते.

मिसिसिपी हेच करते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. अमेरिकेच्या मुख्य भूमीचा सुमारे ४० टक्के भाग आपले पाणी या एका नदीत सोडतो. त्या पाण्याबरोबर येणारा गाळ मुखाशी साचतो, किनारा समुद्रात पुढे सरकतो, म्हणजेच नदीची वाट लांबते. वाट लांबली की उतार मंदावतो, उतार मंदावला की गाळ आणखी बसतो. असे हजार-दीड हजार वर्षे चालले की एखाद्या महापुरात नदी काठ फोडते आणि समुद्राकडे जाणारी दुसरी, जवळची वाट धरते. जुनी वाट मग हळूहळू मरते. गेल्या सुमारे सात हजार वर्षांत मिसिसिपीने असे घर कितीतरी वेळा बदलले. लुइझियानाचा दक्षिण भाग म्हणजे या सोडून दिलेल्या घरांच्या जोत्यांची रांग आहे म्हणा ना.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे 'नदीची खरी जागा कोणती' असा प्रश्न येईल. उत्तर असे की खरी जागा म्हणून काही नाही. आजची वाट, कालची वाट आणि उद्याची वाट, एवढेच आहे.

कॅप्टन श्रीव्हचा छेद

साधारण पंधराव्या शतकात मिसिसिपीचे एक वळण पश्चिमेकडे सरकत सरकत शेजारच्या नदीला जाऊन भिडले. पुढे या वळणाला 'टर्नबुल्स बेंड' नाव पडले. घोड्याच्या नालेसारखा आकार डोळ्यांपुढे आणा. नालेच्या वरच्या बाजूला पश्चिमेकडून रेड नदी येऊन मिळू लागली. खालच्या बाजूने एक प्रवाह बाहेर पडून स्वतंत्रपणे दक्षिणेला समुद्राकडे निघाला. त्याचे नाव अचाफलाया. चॉक्टॉ भाषेत या नावाचा अर्थ 'लांब नदी'. गंमत अशी की तिचे महत्त्व ती आखूड आहे म्हणून. ओल्ड रिव्हरपासून समुद्र मिसिसिपीच्या वाटेने सुमारे ५०० किलोमीटर पडतो, अचाफलायाच्या वाटेने सुमारे २३०. दोन्ही वाटा एकाच समुद्राला जातात. म्हणजे अचाफलायाचा उतार दुपटीहून अधिक. पाणी उतार बघते, हे आपण आत्ताच म्हटले.

पण त्या काळी हा धोका कुणाला दिसत नव्हता. वाफेच्या बोटींचा जमाना होता. वळणाला पूर्ण वळसा घालायचा म्हणजे वेळ आणि इंधन वाया. नद्यांतले अडथळे काढण्याचे काम सरकारने हेन्री मिलर श्रीव्ह या कॅप्टनकडे दिलेले होते. तळात रुतलेली झाडे उपटणारी वाफेवरची बोट त्यानेच तयार केली होती. मोठा कर्तबगार माणूस. श्रीव्हपोर्ट शहर आजही त्याचे नाव चालवते. १८३१ साली त्याने या नालेच्या दोन टोकांमधली चिंचोळी पट्टी खणून काढली. मिसिसिपीने लगेच सरळ वाट धरली. वळण तुटले.

तुटलेल्या वळणाच्या दोन भुजा उरल्या. वरची भुजा गाळाने भरून गेली. खालची भुजा मात्र उघडी राहिली, आणि तिच्यातून एका बाजूला मिसिसिपी, दुसऱ्या बाजूला रेड आणि अचाफलाया असा दुवा टिकला. या खालच्या भुजेला लोक ओल्ड रिव्हर म्हणू लागले. सुरुवातीला तिचे वागणे मोठे मजेदार होते. मिसिसिपीला पूर असला की पाणी पश्चिमेकडे वाहायचे; रेड नदी भरलेली असली की पूर्वेकडे. एकच फाटा, दोन्ही दिशांनी वाहणारा.

मणी काढला, आग पेटली

मग अचाफलाया त्याच वेळी मोठी का नव्हती? उतार तर होताच. कारण तिच्या तोंडाशी बूच बसले होते. वरून वाहून आलेली झाडे तिच्या वरच्या भागात अडकत अडकत मैलोन् मैल ओंडक्यांचा तराफा तयार झाला होता. त्यावर माती साचून झुडपे उगवली होती, माणसे त्याच्यावरून चालत पलीकडे जात.

इथे आम्हाला आपल्या नैयायिकांची आठवण होते. त्यांनी कारणांचा विचार करताना एक फार बारीक गोष्ट पाहिली. अग्नी आहे, लाकूड आहे, तरी जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर लाकूड जळत नाही, असे ते उदाहरण घेतात. मणी उचलला की जळते. म्हणून दाहाच्या कारणांत नुसता अग्नी मोजून भागत नाही, अडथळ्याचा अभावही मोजावा लागतो. त्याला ते 'प्रतिबंधकाभाव' म्हणतात. मणी खरा की खोटा, ते सोडून द्या. मुद्दा असा की 'आम्ही काही केलं नाही, फक्त मधला अडथळा काढला' असे म्हणणाऱ्याला नैयायिक सोडत नाहीत. अडथळा काढणे हेही कारणच.

अचाफलायाचा मणी म्हणजे तो ओंडक्यांचा तराफा. वाहतुकीला वाट हवी, काठची जमीन लागवडीला यावी, म्हणून १८३९च्या सुमारास लुइझियाना राज्याने तो काढायला सुरुवात केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत वाट मोकळी झाली. अडकलेले पाणी धावू लागले. धावत्या पाण्याने तळ खरवडला. तळ खोल झाल्यावर अधिक पाणी आले, अधिक पाण्याने तळ आणखी खोल केला. त्यातच ओल्ड रिव्हरमधून बोटी जाव्यात म्हणून सरकारी अभियंते तिथला गाळही उपसत राहिले. प्रत्येकाचे काम त्याच्या जागी योग्यच होते. बेरीज मात्र कुणीच करत नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेरीज समोर आली. ओल्ड रिव्हर आता दोन्ही दिशांनी वाहत नव्हती. ती फक्त पश्चिमेकडे, मिसिसिपीकडून अचाफलायाकडे वाहत होती, आणि दरवर्षी थोडे अधिक पाणी नेत होती. हॅरॉल्ड फिस्क या भूशास्त्रज्ञाने १९५२ साली दिलेल्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता : असेच चालू राहिले तर १९६५ ते १९७५च्या दरम्यान अशी वेळ येईल की नंतर नदीला मागे फिरवता येणार नाही. मिसिसिपी अचाफलायाच्या वाटेने जाईल. न्यू ऑर्लिन्सच्या बाजूने वाहणारी आजची नदी म्हणजे खाऱ्या पाण्याची एक लांब खाडी होऊन बसेल.

तीस टक्के

आता ह्यूम भेटतो.

शहरे, बंदरे, कारखाने, पिण्याचे पाणी, इतके सगळे पणाला लागलेले असताना अमेरिकी काँग्रेस स्वस्थ बसणे शक्य नव्हते. १९५४ साली तिने ओल्ड रिव्हरपाशी नियंत्रण-व्यवस्था बांधायला मंजुरी दिली. मुख्य प्रश्न होता, पाणी वाटायचे कसे? ठरले ते असे : त्या ठिकाणी मिसिसिपी आणि रेड या दोन्ही नद्यांचे मिळून जे पाणी येईल, त्यातले ७० टक्के मिसिसिपीच्या वाटेने, ३० टक्के अचाफलायाच्या वाटेने. वर्षभराच्या हिशेबात, कायमचे.

हा ३०चा आकडा आला कुठून? किती पाणी दिले तर किनारा टिकेल, किती दिले तर मासळी जगेल, किती दिले तर पूर सोसेल, असा सगळ्यांचा हिशेब मांडून तो काढलेला नव्हता. १९५०च्या सुमारास नदी साधारण तेवढे पाणी देत होती, म्हणून ३०. ज्या अहवालाच्या आधारे ही मंजुरी मिळाली त्याचा आशय असा, की पाण्याची आणि गाळाची सध्याची विभागणी इष्ट प्रमाणात आहे आणि ती तशीच राखली जावी.

हे वाक्य नीट ऐका. पहिल्या अर्ध्यात 'आहे', दुसऱ्या अर्ध्यात 'जावी'. आणि दोघांना जोडायला मध्ये 'इष्ट' हा एकच शब्द. कुणाला इष्ट? कोणत्या बाबतीत इष्ट? किती वर्षांसाठी इष्ट? ह्यूमने अठराव्या शतकात हीच तक्रार केली होती : लेखक 'आहे, आहे' म्हणत चालतात आणि एकाएकी 'असावे' म्हणू लागतात, मधली पायरी दाखवतच नाहीत.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर त्या लोकांवर अन्याय होईल. त्यांचा निर्णय मूर्खपणाचा होता असे आम्ही म्हणत नाही. घाई होती, हाताशी वेळ थोडा होता. चालू स्थिती धरून ठेवणे हा घाईच्या वेळचा शहाणपणाचा मार्ग असू शकतो. डॉक्टर तरी काय करतो? ताप वाढतोय, आधी थांबवू या, मग बघू. पण इथे 'मग बघू' हा भागच राहून गेला. तात्पुरता थांबवलेला आकडा नियम झाला. बदलत्या नदीचा १९५०चा एक फोटो काढला आणि नदीला सांगितले, आता यापुढे अशीच दिस.

काम १९५५मध्ये सुरू झाले. मिसिसिपीच्या काठावर, जुन्या फाट्याच्या थोडे वर, काँक्रीटचे एक दारांचे बांधकाम उभे राहिले. त्याला 'लो सिल' म्हणतात. म्हणजे उंबरठा खोल ठेवलेला, कमी पाण्यातही चालेल असा. लांबी सुमारे १७० मीटर, ११ दारे. शेजारी पुराच्या वेळी वापरायचे, ७३ दारांचे, किलोमीटरभर लांबीचे दुसरे बांधकाम. या दारांतून निघालेले पाणी नव्याने खणलेल्या कालव्याने अचाफलायाकडे नेले. १९६३ साली मूळ ओल्ड रिव्हर बांध घालून बंद केली आणि बोटींसाठी तिथे जलपाश ठेवला. म्हणजे पुढे आणि मागे दारे असलेला एक हौद, ज्यात बोट उभी करून पाणी वरखाली करतात.

तेव्हा आज 'ओल्ड रिव्हर नियंत्रण' म्हणतात ते ओल्ड रिव्हरवर नाहीच. जुना फाटा बंद आहे, त्याचे काम माणसाने खणलेला नवा फाटा करतो आणि नाव मात्र जुनेच चालले आहे. नाव टिकले, काम टिकले, वस्तू बदलली. तिला तीच नदी म्हणायचे का, यावर आमचे विद्यार्थी एक तास आनंदाने भांडले असते. आपल्याला तेवढा वेळ नाही.

१९७३

दहा वर्षे ठीक गेली. मग १९७३चा पूर आला. पूर मोठा होता आणि महिनोन् महिने उतरला नाही. लो सिलच्या दारांतून पाणी इतक्या जोराने जात होते की वर उभ्या माणसाच्या पायाखाली काँक्रीट थरथरत होते. एप्रिलमध्ये, पाण्याला दारांकडे वळवणारी काठाची एक प्रचंड भिंत कोसळून नदीत गेली. तिच्या जागी भोवरा तयार झाला आणि त्याने बांधकामाच्या पायाखालची वाळू उकरायला सुरुवात केली. हे बांधकाम खडकावर नाही. वाळूत ठोकलेल्या पोलादी खांबांवर ते उभे आहे, कारण तिथे जवळपास खडकच नाही.

लाखो टन दगड आणून त्या खड्ड्यात ओतले. ओल्ड रिव्हरवरचा भार हलका करायला खालच्या अंगाची मॉर्गान्झा येथील पूरदारे इतिहासात पहिल्यांदाच उघडली. बांधकाम टिकले. नंतर काँक्रीटला वरून भोके पाडून आत कॅमेरा सोडला, तेव्हा जिथे भक्कम वाळू असायला हवी तिथे मासे पोहताना दिसले.

ती पोकळी सिमेंटचे मिश्रण भरून बुजवली. पण एक गोष्ट परत आली नाही. दारांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाण्याच्या पातळीतला जितका फरक सोसायला ते बांधले होते, तितका सोसण्याची ताकद त्यात उरली नाही. म्हणून शेजारी सहा दारांचे आणखी एक साहाय्यक बांधकाम केले, ते १९८६ साली पुरे झाले. त्यालाही काही वर्षे होतात न होतात तो १९९० साली तिथेच १९२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. ते केंद्र न्यू ऑर्लिन्सजवळच्या जहाजबांधणीच्या आवारात तयार केले आणि तरंगत नदीवरून वर आणून बसवले. आता नेहमीच्या दिवसांत अचाफलायाच्या वाट्याचे बरेचसे पाणी त्याच्यातूनच जाते.

१९८० साली लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतले राफेल काझमन आणि डेव्हिड जॉन्सन यांनी ही व्यवस्था कोलमडली तर काय होईल, याचा अहवाल लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की नदी शेवटी वाट बदलणारच, कधी एवढाच प्रश्न आहे, तेव्हा त्या दिवसाची तयारी आत्ताच करा. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे, म्हणजे ही व्यवस्था सांभाळणाऱ्यांचे, म्हणणे असे की काँग्रेसने काम दिले आहे आणि आम्ही ते करतो आहोत. नीट पाहिले तर हे दोघे एकमेकांचे म्हणणे खोडत नाहीत. एकजण 'काय होणार' ते सांगतो आहे, दुसरा 'काय करायचे ठरले आहे' ते. पुन्हा 'आहे' आणि 'असावे', दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले.

पाणी वाटले, गाळाचे काय?

आता ३० टक्क्यांकडे परत येऊ. समजा दारे उत्तम चालली, एकही भिंत पडली नाही. तरी नदी १९५०च्या फोटोसारखी राहिली का? नाही राहिली.

पहिले कारण गाळ. पाणी वाटता येते. दारे वरखाली केली की झाले. वाळू तशी वाटली जात नाही. जड वाळू तळाने सरकते आणि तिचा बराचसा भाग मिसिसिपीतच मागे राहतो. त्यामुळे ओल्ड रिव्हरच्या खालच्या अंगाला मिसिसिपीचा तळ वर येऊ लागला आहे. तळ वर येणे म्हणजे काय, ते आपण पाटाच्या उदाहरणात पाहिले. वरंबा फुटण्याची तयारी. म्हणजे नदीला जागच्या जागी ठेवणारी व्यवस्थाच तिच्या जागा सोडण्याचा दाब वाढवते आहे.

दुसरे कारण किनारा. वरच्या मिसुरी नदीवरच्या धरणांनी गाळ अडवला. खाली दोन्ही काठांच्या बांधांनी उरलेला गाळ दलदलीत पसरू दिला नाही, तो थेट खोल समुद्रात जाऊन पडतो. तेल आणि वायूसाठी खणलेल्या कालव्यांनी खारे पाणी आत आणले, आणि जमीन तर मुळातच खचणारी. १९३०च्या दशकापासून लुइझियानाने सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली. याच राज्यात दोन जागा अशा आहेत की तिथे नवी जमीन वर येते आहे, आणि त्या दोन्ही अचाफलायाच्या मुखांशी आहेत. एक मूळ मुख. दुसरे 'वॅक्स लेक आउटलेट', १९४१-४२मध्ये मॉर्गन सिटी या गावाला पुरापासून वाचवण्यासाठी खणलेला कालवा. जमीन घडवावी हा कुणाचा हेतू नव्हता. १९७३च्या पुरानंतर ही नवी बेटे पाण्याच्या वर दिसू लागली. आज तिथे विलो वाढतात, पक्षी येतात, अभ्यासक नकाशे काढतात.

तेव्हा कुणी म्हणेल, मग अचाफलायाला जास्त द्या की! सोपे नाही. मॉर्गन सिटी पुराच्या भिंतीआड जगते. जास्त पाणी म्हणजे तिच्यावर जास्त भार. अचाफलायाच्या खोऱ्यातली ग्रँड लेकसारखी तळी गाळाने भरत जाऊन तिथे जमीन झाली. त्या पाण्याभोवती चिटिमाचा या मूळ रहिवाशांचे जग होते, नंतर आलेल्या फ्रेंचभाषक केजन कोळ्यांचेही. १९५०चे प्रमाण 'इष्ट' ठरले तेव्हा त्यांच्यासाठी ते इष्ट होते का?

बरं, मग मिसिसिपीला जास्त द्या? २०२३ साली नदीला पाणी इतके कमी झाले की समुद्राचे खारे पाणी तळातळाने वर सरकत न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने आले. गोडे पाणी हलके, ते वरून वाहते. खारे जड, ते खालून पाचरीसारखे घुसते. खालच्या गावांच्या नळाला खारट पाणी आले, तिथे बाटल्यांचे पाणी वाटले. नदीच्या तळावर मातीचा आडवा उंबरठा घालून ती पाचर अडवावी लागली. म्हणजे जास्त पाणी हवे असणारेही खरेच आहेत आणि त्यांची गरजही खरी आहे.

मग करायचे काय?

इथपर्यंत आलो की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक : "निसर्गाशी खेळू नका, नदीला तिच्या मनासारखे जाऊ द्या." ऐकायला चांगले वाटते. पण तिचे 'मन' आता कुठले धरायचे? अचाफलाया इतकी बलवान झाली ती श्रीव्हच्या छेदामुळे, तराफा काढल्यामुळे, गाळ उपसल्यामुळे. आज दारे उघडून दिली तर नदी जाईल ती निसर्गाच्या वाटेने नव्हे, १८३१पासून माणसाने मोकळ्या करून दिलेल्या वाटेने. माणसाने हात लावण्यापूर्वीची नदी आता शिल्लकच नाही, मग ती परत कशी करणार? आणि दारे उघडून देणे हीदेखील कृतीच आहे. नैयायिकांचा मणी आठवा.

दुसरे उत्तर : "चाललंय ते चालू द्या." हे तर पहिल्याहून फसवे, कारण त्यात काहीच न केल्याचा आव आहे. प्रत्यक्षात 'चालू द्या' म्हणजे रोज दारे हलवणे, दरवर्षी तळ मोजणे, दगड टाकणे, पैसा ओतणे. 'जैसे थे' ठेवायला इतके श्रम लागत असतील, तर 'जैसे थे' हीदेखील एक बाजू घेतलेली आहे. कुणाची बाजू, एवढे मोकळेपणी सांगावे.

आमच्या मते चूक ३० या आकड्यात नव्हती. कदाचित ३०च बरोबर असेल, कदाचित २५ किंवा ३५. चूक अशी झाली की आकड्यामागचे 'असावे' कुणी मोकळेपणी मांडलेच नाही. ते 'आहे'च्या पदराआड लपून राहिले. जे मांडले जात नाही त्याला कुणी आव्हान देऊ शकत नाही, आणि त्याचा फेरविचारही होत नाही. 'न्यू ऑर्लिन्स वाचवायचे म्हणून मॉर्गन सिटीने इतका धोका सोसावा' असे कुणी स्पष्ट म्हटले असते, तर मॉर्गन सिटीला बोलायला जागा मिळाली असती. मोबदला मागता आला असता, मुदत मागता आली असती. '३० टक्के पाणी येतेच आहे, तेच राखू' असे म्हटल्यावर बोलणार कशावर?

अलीकडे थोडी हालचाल दिसते. २०२०च्या जलविषयक कायद्याने मिसिसिपीच्या खालच्या भागाचा सर्वांगीण अभ्यास करायला सांगितले आहे. पूर, वाहतूक, पाणीपुरवठा, किनारा, जीवसृष्टी, सगळे एकत्र धरून. ओल्ड रिव्हर त्या अभ्यासाच्या कक्षेत आहे. निष्कर्ष काय निघेल ते निघो. निदान प्रश्न पुन्हा विचारला जातो आहे.

श्रीव्हने छेद घेतला तेव्हा त्याला वाटले असेल, काम संपले. बोटी सरळ जाऊ लागल्या, काम संपलेच की. पण नदीत केलेले काम असे संपत नाही. ते पुढच्या पिढीच्या हातात जाते, आणि ती पिढी त्याला 'परिस्थिती' म्हणते. मग ती त्या परिस्थितीवर आपले काम करते आणि पुढच्या पिढीच्या हवाली करते. वारशात घर मिळाले की त्यावरचे कर्जही मिळते, तसेच हे. कर्ज फेडायचे की नाही हे नंतर बघू. आधी कागद उघडून वाचायला हवेत.

ज्यांनी दाराशी गाठून उदाहरण मागितलं होतं, त्यांना हे पुरेसं झालं असावं. पुढे कधी कुठल्याही अहवालात, ठरावात किंवा घरच्या वाटणीपत्रातसुद्धा 'सध्या आहे ते योग्य आहे आणि तसेच राहावे' असे वाक्य दिसले, तर क्षणभर थांबा आणि विचारा, 'योग्य' कुणासाठी? आणि कधीपर्यंत?

 आता प्रश्न विचारा, आम्ही बसलो आहोत.